स्तूपातील ठेव आणि तिचे वारस

मागील वर्षावासाच्या अखेरीस आमच्या पालि वर्गातील काही उपासक-उपासिकांसह आम्ही कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यास गेलो होतो. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून असलेले हे लेणे इसवी सनापूर्वीच्या काळातील आहे. चैत्यगृहातील झिजलेल्या स्तूपासमोर वंदना झाली. त्यानंतर एका तरुण उपासकाने सहज विचारले, "सर, या स्तूपात सोने असेल काय? आणि निघालेच, तर ते कोणाचे?" काही जण हसले. आम्हांस मात्र लगेच उत्तर देता आले नाही. प्रश्नाचा पहिला भाग सोपा होता. कोंडाण्याचा स्तूप अखंड खडकातून कोरलेला आहे; तो बांधलेला नाही, तेव्हा त्याच्या पोटात पुरलेले धन असण्याचा संभव नाही. परंतु दुसरा भाग अवघड होता. मृताबरोबर ठेवलेल्या मौल्यवान वस्तूचा धनी कोण? ती घेण्याचा अधिकार कोणास पोहोचतो काय? या प्रश्नाचा विचार कायदा, विनय आणि आपला स्वतःचा इतिहास या तिन्ही अंगांनी करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

स्तूप म्हणजे काय?

आपल्याकडे स्तूपाकडे पूजास्थान म्हणून पाहण्याची सवय आहे व ती योग्यच आहे. तथापि मुळात स्तूप हे अस्थींचे निधान होय, हे विसरता कामा नये. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात चौघांना 'थूपारह', म्हणजे स्तूपास पात्र, म्हटले आहे: तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचे श्रावक आणि चक्रवर्ती राजा. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. स्तूप पाहून बहुजनांचे चित्त प्रसन्न व्हावे, हा त्याचा हेतू. कुसिनारा येथे तथागतांच्या धातूंवरून आठ पक्ष युद्धास सज्ज झाले, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने त्या उत्तम पुरुषाच्या अवशेषांसाठी लढणे शोभत नाही असे समजावून आठ समान वाटे केले. स्वतः द्रोणाला मापाचे भांडे मिळाले. उशिरा आलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना चितेतील निखारे मिळाले. असे एकूण दहा स्तूप झाले. मगधाचा राजा असो की निखारे घेऊन गेलेले मोरिय असोत, ज्याने त्याने आपला वाटा नेऊन त्यावर स्तूप उभारला.

श्रावकांचे स्तूप पाहण्यासाठी कर्जत-खालापूरच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. बोरघाट चढून वर गेले की मळवलीजवळ भाजे लेणे लागते. तेथे एका बाजूस चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी आणि संघदिन ही त्यांपैकी दोन होत. त्या लेण्यांत राहिलेल्या, तेथेच देह ठेवलेल्या भिक्खूंची ही स्मारके आहेत. खालापूरला लागून असलेल्या सुधागड तालुक्यातील ठाणाळे लेण्यातही, ज्याचे वर्णन हेन्री कझिन्स यांनी १८९१ साली प्रसिद्ध केले, लहान स्तूपांचा समूह आहे. कान्हेरीच्या निर्वाणवीथीत विटांचे असे अनेक स्तूप होते व तेथील स्मृतिलेख डॉ. शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा की, सह्याद्रीच्या या पट्ट्यात लेणी ही जिवंत भिक्खूंची निवासस्थाने होती, तशीच ती दिवंगत भिक्खूंची विश्रामस्थानेही होती. म्हणून 'थडग्यातील धन' हा विषय आपणांस परका नाही.

विनयाची भूमिका

विनयपिटकात या विषयाचा विचार अनपेक्षित सूक्ष्मतेने केलेला आहे. दुसरे पाराजिक अदिन्नादानाचे. पाच मासक किंवा अधिक किमतीची, न दिलेली वस्तू चोरीच्या इराद्याने घेणारा भिक्खू भिक्खू राहत नाही. परंतु त्याच शिक्षापदाच्या विवेचनात 'पेतपरिग्गह', म्हणजे प्रेताच्या मालकीची समजली जाणारी वस्तू, घेतल्यास आपत्ती नाही असे सांगितले आहे. ज्या संघाचे आदर्श वस्त्र पांसुकूल, म्हणजे स्मशानातून वा उकिरड्यावरून उचललेल्या चिंध्यांचे, त्या संघाला हा नियम आवश्यकच होता. मृत मनुष्य मालक असू शकत नाही, हा त्यामागील विचार. आधुनिक कायदाही याहून निराळे सांगत नाही.

मात्र विनय येथेच थांबत नाही. त्याच प्रकरणात एक कथा आहे. एका भिक्खूने स्मशानात एका ताज्या प्रेतावरील वस्त्र उचलले. त्या देहात वास करून असलेल्या प्रेताने त्यास आपले वस्त्र न नेण्याविषयी विनविले. भिक्खूने लक्ष दिले नाही. तेव्हा ते प्रेत उठून त्याच्या मागोमाग चालू लागले. भिक्खूने विहारात शिरून दार लावून घेतले आणि ते प्रेत दाराशी कोसळले. भिक्खूस पश्चात्ताप झाला व त्याने ही गोष्ट भगवंतांना सांगितली. भगवंतांनी निर्णय दिला की, हे पाराजिक नव्हे. परंतु देह भंगलेला नसताना त्यावरील पांसुकूल घेऊ नये, घेईल त्यास दुक्कटाची आपत्ती.

कथेतील अद्भुताचा भाग बाजूस ठेवला तरी निर्णयातील विवेक स्पष्ट आहे. चोरी झाली काय, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. योग्य झाले काय, या प्रश्नाचे उत्तरही 'नाही' असेच आहे. जे बेकायदा नाही ते योग्य असतेच असे नाही, हा भेद भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी एका चिंधीवरून शिकविला.

दुसरे शिक्षापद पाचित्तिय वर्गातील आहे. अचिरवती नदीत स्नान करून एक ब्राह्मण आपली पाचशे नाण्यांची थैली काठावर विसरून गेला. एका भिक्खूने ती हरवू नये म्हणून उचलून ठेवली व ब्राह्मण परत येताच त्यास दिली. सापडविणाऱ्यास बक्षीस द्यावे लागू नये म्हणून ब्राह्मणाने थैलीत हजार नाणी होती असा उलटा आरोप केला. यावरून प्रथम रत्न उचलूच नये असा नियम झाला. पुढे त्यात भर पडली: विहारात किंवा वसतिस्थानी मौल्यवान वस्तू पडलेली आढळली तर ती उचलून जपून ठेवावी, ज्याची असेल तो येऊन नेईल या भावनेने. सापडलेल्या धनाविषयी संघाचा हा नियम आहे. सापडविणारा हा मालक नव्हे. तो राखणदार आहे.

तिसरी गोष्ट अट्ठकथांतील आहे. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर कोणी चैत्य फोडला, बोधिवृक्ष तोडला किंवा धातूंना इजा केली तर काय, असा प्रश्न बुद्धघोषांच्या अट्ठकथांमध्ये येतो. उत्तर असे की, हे कर्म आनंतरिय कर्मासारखे भारी होय. त्यालाच जोडून एक व्यवहारी सूचनाही आहे: धातुयुक्त स्तूपास बाधा करणारी बोधिवृक्षाची फांदी मात्र तोडण्यास हरकत नाही. म्हणजे ही भीती आंधळी नाही. कशासाठी, कोणत्या हेतूने हात लावला, यावर कर्माचे मोल ठरते.

हेतूचा हा निकष अशोकाच्या परंपरेलाही लागू पडतो. सम्राटाने मूळ आठांपैकी सात स्तूप उघडून त्यांतील धातू जंबुद्वीपभर नव्या स्तूपांत वाटले असे परंपरा सांगते. रामगामचा स्तूप मात्र नागांच्या रक्षणाखाली होता. तेथील पूजा पाहून सम्राट परत फिरला. म्हणजे स्तूप उघडणे हे स्वतः पाप नव्हे. ठेव एका स्तूपातून निघून अनेक स्तूपांत गेली, ती कोणाच्या तिजोरीत गेली नाही. आणि जेथे राखणदार जागे होते तेथे चक्रवर्तीनेही हात आवरला.

कुदळ आणि कायदा

एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील स्तूप पुन्हा उघडले गेले. १८३९ साली जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहासमोरील स्तूप खोदला. त्यात दोन तांब्याचे कलश निघाले. एकात राखेबरोबर माणिक, मोती, सोन्याचे तुकडे व वस्त्राचा तुकडा असलेली सोन्याची लहान डबी होती; दुसऱ्यात चांदीची डबी व राख होती. सोबतच्या ताम्रपटावर त्रैकूटक संवत २४५, म्हणजे इ.स. ४९४ च्या सुमाराचा काळ, नोंदलेला आहे आणि हा चैत्य शारद्वतीपुत्र, म्हणजे धम्मसेनापती सारिपुत्त, यांच्या नावाने उभारल्याचे त्यात म्हटले आहे. आज अभ्यासकांना हा लेख प्रसिद्ध झालेल्या प्रतिकृतीवरूनच वाचावा लागतो.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपारा येथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उघडला. त्या वर्षी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातच मोडत होता आणि खालापूर हा त्याचा पेटा होता. सोपारा-कल्याण बंदरांतून घाटाकडे जाणारा व्यापारी मार्ग कोंडाण्याच्याच परिसरातून वर चढत असे. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या मध्यभागी दगडी मंजूषा होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या: सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. करंडकाच्या आत चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, अशी एकात एक भांडी होती. सोन्याच्या पोटी काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलाल यांनी मानले. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. ही सर्व ठेव आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. स्तूप नालासोपाऱ्यात आणि त्याचे हृदय फोर्टात, अशी ही स्थिती आहे.

या मांडणीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. सोन्याच्या डबीत मातीचे खापर ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने मोल कशाचे होते, हे उघड आहे. सोने हे त्या खापराचे वेष्टन होते. गुप्तधन शोधणारा मनुष्य नेमके उलट करतो: वेष्टन नेतो आणि ठेव फेकून देतो.

भगवानलाल यांना आम्ही त्या मनुष्याच्या पंक्तीत बसवीत नाही. ते विद्वान होते. जे निघाले त्याची नोंद त्यांनी काळजीपूर्वक केली, ते एकत्र ठेवले आणि सार्वजनिक संस्थेस दिले. सोपारा, कान्हेरी, सांची यांच्या उत्खननांवाचून आपला पुष्कळसा इतिहास अंधारात राहिला असता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माकडे पाऊल टाकले तेव्हा भारतात बौद्ध धम्म होता व तो वैभवशाली होता हे सिद्ध करण्यास जे पुरावे उपलब्ध होते, त्यांत या कुदळीचा वाटा मोठा आहे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण त्या काळचा कायदा काय मानीत होता? १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही अस्तित्वात आहे. त्यानुसार जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशातही दडलेली, काही मोल असलेली वस्तू हा 'निधी' होय. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि दोघांत काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येतो. तो शंभर वर्षांच्या आत कोणी पुरला असेल, तर हक्क सांगणाऱ्यास दिवाणी दाव्याची संधी दिली जाते. त्याहून जुना वाटल्यास तो बेवारस जाहीर करण्यास जिल्हाधिकारी मोकळा असतो.

हा शंभर वर्षांचा आकडा आम्ही वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे दादरची चैत्यभूमी उभी राहिली. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या देहास तेथे अग्नी दिला गेला आणि १९७१ साली तेथील स्तूपाचे उद्घाटन झाले. एकशे एकाव्या वर्षी ती ठेव बेवारस होईल काय? कोणतेही न्यायालय असे म्हणणार नाही. कारण तेथे दर वर्षी ६ डिसेंबरला जमणारा जनसागर हाच तिचा वारस आहे. मग सोपाऱ्याची ठेव बेवारस कशी झाली? तिचे वारस मारले गेले, विखुरले गेले, गावकुसाबाहेर टाकले गेले आणि स्वतःचे नावही विसरले, म्हणून. वारसाला विस्मृती आली की ठेवीला 'निधी' म्हणतात.

अस्थी एकीकडे, रत्ने दुसरीकडे

या कायद्याची खरी कसोटी पिपरहवा येथे लागली. जानेवारी १८९८ मध्ये नेपाळच्या सीमेजवळील आपल्या जमिनीवर विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप उघडला. मोठ्या दगडी मंजूषेत शंखजिऱ्याची व स्फटिकाची पाच भांडी होती. त्यांत अस्थी, राख आणि सुमारे अठराशे रत्ने व सुवर्णपत्रे होती. एका करंडकावरील ब्राह्मी लेखात भगवान बुद्धांच्या धातूंचा व शाक्यांचा उल्लेख आहे. सरकारने निखात निधीच्या अन्वये ठेव ताब्यात घेतली आणि तिचे विभाजन केले. अस्थी सयामचा बौद्ध राजा चुलालंकर्ण यास दिल्या. पुढे त्यांचे अंश सिंहल व ब्रह्मदेशातील बौद्धांपर्यंत गेले. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली. सुमारे एक पंचमांश रत्ने 'दुबार नमुने' म्हणून पेपे कुटुंबाकडे राहू दिली.

या विभाजनामागील समज तपासून पाहावी. अस्थी म्हणजे धर्म, रत्ने म्हणजे मालमत्ता, असे तत्कालीन सरकारने गृहीत धरले. परंतु ज्या उपासकांनी ती रत्ने अस्थींशेजारी ठेवली, त्यांच्या दृष्टीने ते दान होते. ते दान पूर्ण झालेले होते; ते परत घेण्याचा हक्क खुद्द दात्यालाही राहिला नव्हता. मग एखाद्या जमीनदाराला तो कोठून आला?

एकशे सत्तावीस वर्षांनी, ७ मे २०२५ रोजी, त्या कुटुंबाकडील रत्नांचा लिलाव सदबीज या लिलावगृहातर्फे हाँगकाँग येथे व्हावयाचा होता. भारत सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठविला आणि लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी ही रत्ने भारतात परत आली, ती गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे. ती परत आली याचा आनंद आम्हांसही आहे. तथापि तथागतांच्या धातूंसोबतचे दान किंमत मोजून सोडवावे लागले, हेही नोंदविले पाहिजे. तुलनेसाठी सांचीचे उदाहरण पाहावे. १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांना सापडलेले सारिपुत्त व मोग्गलान यांचे धातू लंडनच्या संग्रहालयातून परत आले व १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात पुन्हा प्रतिष्ठापित झाले. तेथे त्यांचा दरसाल उत्सव होतो. त्यांचा भाव कोणी विचारीत नाही.

आज कायदा काय म्हणतो?

आज स्थिती बरीच सुधारली आहे. १९०४ च्या अधिनियमाने प्राचीन वास्तूंना संरक्षण आणि पुरावस्तूंच्या निर्यातीस आळा घालण्यास प्रारंभ केला. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमान्वये संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड अशी वाढली. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लेण्याच्या परिसरात रात्री कुदळ मारणारा मनुष्य, त्याच्या हाती काही लागो वा न लागो, अपराधी ठरू शकतो.

परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते एक जुने कलम. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २९७ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०१ झाले असून ते १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. कोणाच्या भावना दुखविण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने, अथवा तसे होईल हे माहीत असताना, पूजास्थानात, दफनस्थानात किंवा मृतांचे अवशेष ठेवण्याच्या जागेत अतिक्रमण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मृतांचे अवशेष ठेवण्याची जागा, ही स्तूपाची अचूक व्याख्या होय. मात्र हे कलम लागू होण्यास ज्याची भावना दुखावते असा कोणी तरी जिवंत मनुष्य लागतो. स्तूपाला वारस आहे हे सांगणारा कोणी नसेल, तर कायद्यातील हे शब्द निर्जीव आहेत.

मढ्यावरचे कापड

येथे आपल्याच इतिहासातील एका जखमेचा उल्लेख टाळता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक घातलेला आहे. गावगाड्यात महारांच्या तथाकथित हक्कांमध्ये मढ्यावरच्या कापडाची गणना होत असे. मृताचे वस्त्र घेणे हा आपल्या पूर्वजांना 'हक्क' म्हणून दिला गेला, तो अपमान म्हणून. तेच वस्त्र महाकस्सपांसारख्या धुतांगधारी भिक्खूने स्वेच्छेने स्वीकारले तेव्हा ते त्यागाचे चिन्ह झाले. वस्त्र एकच, एकाने ते निवडले आणि दुसऱ्यावर ते लादले गेले. आणि इंग्रज अधिकाऱ्याने थडग्यातून सोने काढले तेव्हा त्यास विद्या म्हटले गेले. मृताची वस्तू कोण घेतो यावर त्या कृत्याचे नाव ठरत होते.

याच जिल्ह्यातील महाड येथे मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न टाकून देण्यास आपल्या लोकांना सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पुढल्या वर्षी त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. मृताकडून मिळणाऱ्या लाभावर जगणे नाकारून आपला समाज माणूस म्हणून उभा राहिला. म्हणून थडग्यातील धनाच्या प्रश्नावर बोलण्याचा जो नैतिक अधिकार आपणांस आहे तो इतरांहून अधिक आहे, आणि जबाबदारीही.

ही जबाबदारी केवळ प्राचीन स्तूपांपुरती नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाची दरड तेथील ठाकर वस्तीवर, इर्शाळवाडीवर, कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते व ५७ माणसे बेपत्ता होती. ती माणसे डोंगराच्या पोटातच राहिली. त्यांच्या सोबत त्यांचे हंडे-कळशा, पेटीतले कपडे, अंगावरचे दोन-चार दागिने राहिले असतील. तो ढिगारा आता थडगे आहे. मृताजवळ मरणसमयी असलेली वस्तू बेइमानीने बळकावणे हा न्याय संहितेच्या कलम ३१५ अन्वये गुन्हा आहे. पण कलम नसते तरी तेथे कुदळ मारण्याचा विचार कोणाही माणसाच्या मनास शिवू नये. असे का वाटते? कारण त्या मृतांचे आप्त हयात आहेत, त्यांची नावे कोणास तरी ठाऊक आहेत. भाज्याचे धम्मगिरी थेर आणि इर्शाळवाडीचा ठाकर यांच्यात फरक दोन हजार वर्षांचा आहे. प्रतिष्ठेचा फरक नाही.

धम्माचे वारस

शेवटी कोंडाण्याकडेच परत येऊ. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असे तो सांगतो. बलकाने आपली जात सांगितली नाही, गोत्र सांगितले नाही, पित्याचे नावही दिले नाही. आपण कोणाचे शिष्य, एवढेच सांगितले. आमच्या प्रश्नाचे उत्तर या एका ओळीत आहे. या लेण्याचा वारसा रक्ताने येत नाही. तो अंतेवासिकत्वाने येतो. ज्याने शिकवण घेतली तो वारस. या न्यायाने १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा प्रत्येक धम्मबंधू कोंडाण्याच्या, भाज्याच्या व सोपाऱ्याच्या थेरांचा वारस आहे.

पण हा वारसा कशाचा? मज्झिमनिकायाच्या धम्मदायादसुत्तात भगवंतांनी भिक्खूंना आपले धम्माचे वारस व्हा, आमिषाचे वारस होऊ नका, असे बजावले आहे. आपण वारस आहोत म्हणून स्तूपातील सोने आपले, असे म्हणणारा आमिषाचा वारस झाला; त्याच्यात आणि गुप्तधनवाल्यात अंतर उरले नाही. आपण वारस आहोत म्हणून ते सोने कोणाचेच नाही, ते दिले गेलेले आहे आणि आपण त्याचे राखणदार आहोत, असे म्हणणारा धम्माचा वारस.

कोणी म्हणेल, भगवंतांनी आनंदास शरीरपूजेत गुंतू नकोस असे सांगितले होते, मग आपण धातूंची चिंता का करावी? आक्षेप योग्य आहे. पण ते वचन पुरे वाचावे. ती पूजा श्रद्धावान गृहस्थ करतील, असे भगवंत पुढे म्हणतात. म्हणजे भिक्खूंनी साधना करावी आणि स्तूप उपासकांनी सांभाळावेत, अशी ही वाटणी आहे. सांभाळण्याचे काम आपल्याच वाट्याला आले आहे.

ते काम अवघडही नाही. लेण्यांखालच्या गावांतील बौद्ध वस्त्यांनी आपापल्या लेण्याशी नियमित संबंध ठेवावा; पौर्णिमेस वंदना व्हावी. कोठे ताजे खोदकाम दिसल्यास त्यास हात न लावता, छायाचित्र व तारीख नोंदवून तहसीलदार, पोलीस ठाणे व पुरातत्त्व खात्यास लेखी कळवावे. नांगरताना, पाया खणताना काही सापडल्यास ते जागेवरून हलवू नये. वस्तूपेक्षा ती कोठे व कशी होती ही माहिती अधिक मोलाची असते. खापर फेकून सोने ठेवण्याचा मोह कोणास होऊ देऊ नये. आणि संग्रहालयांतील धातूंचे दर्शन पूजकांस सन्मानाने घडावे, अशी मागणी संघटितपणे व सनदशीर मार्गाने करीत राहावे.

त्या तरुण उपासकास आम्ही त्या दिवशी परतीच्या वाटेवर इतकेच सांगितले होते की, विचार करून सांगतो. आज सांगत आहोत. स्तूपात सोने निघालेच, तर ते उचलून जपून ठेवणे आणि ज्याचे आहे तो येईपर्यंत राखणे हे आपले काम. ज्याने दिले तो गेला, ज्याला दिले तो परिनिर्वाण पावला. म्हणून घेणारा कोणी येणार नाही. राखण मात्र चालूच ठेवायची आहे.